छोट्या लाईनची खिडकी

आगगाडी माणसांना एका गावाहून दुसऱ्या गावाला नेण्यासाठी निर्माण झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या नणंदबाईंचं, म्हणजे आक्काजींचं, तसं मत नाही. त्यांच्या मते आगगाडी निर्माण झाली ती माणसाने तिची वाट पाहावी म्हणून; गावाला पोचणं हा त्यातला वरकड लाभ, देवदर्शनानंतर हातावर पडणाऱ्या साखरेच्या चिरंजीसारखा. आज ऐंशी ओलांडली तरी गाडीने जायचं म्हटलं की त्या आदल्या दिवसापासून उंबऱ्यावर बसतात. गाडी सकाळची असेल तर झुंजूमुंजू व्हायच्या आत फलाटावर. सोबत पाण्याची कॅन, सतरंजी, लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा, आणि ज्यांना त्यांनी ओढत आणलेलं असतं ती आम्ही पेंगुळलेली मंडळी. डबा उघडायचा तो गाडी हलल्यावरच. उभ्या गाडीत खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही, असा त्यांचा शोध आहे. एकदा गोंदियाच्या लग्नाला निघालो तेव्हा वरठीच्या स्टेशनावर आम्ही इतके आधी पोचलो, की उशिरा धावणारी आदल्या दिवसाची गाडी आमच्या पुढ्यात येऊन थांबली. आक्काजींनी सगळ्यांना तिच्यात कोंबलं. तिकीट तपासनीस म्हणाला, "माताजी, ये तो कल की गाडी है." आक्काजी म्हणाल्या, "गाडीच्या आंगावर तारीख लिवली असते काय? नाव तेच हाय, डबे तेच हाय. सरक थोडा, बसू दे." तो माणूस इतका गोंधळला की पुढच्या स्टेशनापर्यंत आपणच कुठल्या दिवशी ड्युटीवर आहोत याचा विचार करत दारात उभा राहिला. आम्ही पोचलो तेव्हा मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. यजमानांना आक्काजींनी सुनावलं, "लगन आज अन् तुमचा मांडव अजून आडवाच?"

त्यांच्या खांद्यावर एक पांढरा दुपट्टा असतो. पुरुषांचा असतो तसा. तो ऊन, पाऊस, घाम यांपैकी कशासाठीच नाही. तो जागा धरण्यासाठी आहे. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून दुपट्टा आत फेकायचा, तो ज्या बाकावर पडेल तो बाक आपला. हा आमच्या भागाचा जुना कायदा. आक्काजींनी तो आगगाडीपुरता ठेवला नाही. लाखनीच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, जिथे जिथे मनुष्य बसू शकतो तिथे तिथे त्यांचा दुपट्टा त्यांच्या आधी जाऊन बसतो. एका वर्षी मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाला त्यांनी तो पुढच्या सोफ्यावर टाकला आणि चहा प्यायला गेल्या. सोफा प्रमुख पाहुण्यांचा. पाहुणे आले, त्यांना वाटलं आयोजकांनी सत्कारासाठी ठेवलाय. त्यांनी तो नम्रपणे गळ्यात घातला आणि पहिला अंक संपेपर्यंत तसेच बसले. आक्काजी परत येऊन त्यांच्या शेजारी टेकल्या. मध्यंतरात हळूच म्हणाल्या, "पाहून झालं असन तं माहा दुपट्टा द्या जी, मले घरी जाचं हाय."

ह्या बाईंशी माझी पहिली गाठ पडली तीही गाडीतच. नागपूर-नागभीड ही तेव्हाची अरुंद रुळांची गाडी. तिला सगळे छोटी लाईन म्हणत. आता ती लाईन मोठी करायला काढली आहे. मी नागपूरची, इतवारीतली. स्वतःला फार सुधारलेली समजत असे आणि त्याचा पुरावा म्हणून जवळ एक काळा गॉगल होता. लग्न लागून वरात परत निघाली तशी मी नायलॉनच्या शालूवर तो गॉगल चढवला आणि खिडकीशी बसले, जणू काश्मीरला निघाले आहे. गाडी तर अशी चालत होती की चार वऱ्हाडी उतरून रुळाकाठची बोरं तोडत आणि पुन्हा मागच्या डब्यात चढत. मी नाक मुरडून शेजारच्या बाईंना विचारलं, "ही गाडी नेहमीच अशी चालते, की आज बिघडलीय?" त्या बाई म्हणजे आक्काजी. त्या म्हणाल्या, "नाई व, आज जोरात हाय. तू नवी हायस ना, तुह्यासाठी पळून राहिली." उमरेड गेलं, भिवापूर गेलं, मिरच्यांचा वास आला, इंजिनाचा धूर आणि काजळी आत येतच राहिली. पवनी रोडला उतरून सासरच्या दारात गॉगल काढला तेव्हा बायकांचा घोळका मागे सरला. सगळा चेहरा काळा आणि डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं. मला काही कळेना. मला वाटलं रूप पाहून दिपल्या. आक्काजी पुढे झाल्या, माप माझ्यासमोर सरकवलं आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "नागपूरकडं नवरीले असंच रंगवतात. टाका पाणी, येऊ द्या आत." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी नागपूरवाली. सुना आल्या, नातवंडं आली, दात गेले, पण नागपूरवाली.

आता त्या दोघा भावंडांच्या भांडणाकडे येते. कारण आक्काजींना ओळखायचं तर ते भांडण ओळखायला हवं. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ, पाच-सहा वर्षांनी लहान. हे अगदी पोर असताना दोघं छोट्या लाईनने मामाच्या गावी निघाले होते. वळणावर इंजिन दिसतं ते पाहायला ह्यांनी खिडकीतून अंग बाहेर टाकलं, पार कमरेपर्यंत, आणि आक्काजींनी मागून सदऱ्याची कॉलर धरून आत ओढलं. गुंडी तुटली, पोरगं वाचलं. ही झाली आक्काजींची कथा. ह्यांचं म्हणणं असं की, सगळं खरं, पण छोट्या लाईनच्या खिडक्यांना गज होते. आडवे, लोखंडी. मांजर बाहेर जाणार नाही, तिथे मी कमरेपर्यंत कसा जाईन?

हे भांडण मी ह्या घरात आल्यापासून ऐकते आहे. दर भाऊबीजेला ते ताटाशेजारी मांडलं जाई. आक्काजी ओवाळता ओवाळता म्हणत, "ओवाळणी कायची देतं गा बाबू? तुहा जीवच माह्या हातचा." आणि हे पाटावरून मान न हलवता म्हणत, "आक्का, खिडकीले गज होते." मग ताटातलं निरांजन विझेपर्यंत दोघं. हे पाटबंधारे खात्यात होते, त्यांना मोजमापाची सवय. ते खडूने जमिनीवर खिडकी काढून दाखवत. आक्काजी ती पायाने पुसत. "मी धरली होती म्हणून तू आज खडू धरून राहिला," असं म्हणत. आक्काजींनी उभ्या आयुष्यात फार काही मिरवलं नाही. लवकर विधवा झाल्या, धानाची शेती एकटीने केली, मुलं मार्गी लावली, त्याचा कधी उच्चार नाही. मिरवलं ते एवढंच, की माझ्या हाताने माझा भाऊ वाचला.

गेल्या पावसाळ्यात हे न्हाणीघरात पडले. हाड बसलं, पण माणूस बसला नाही. पलंगावर पडून छताकडे पाहत राहायचे. मुलाशी नाही, नातवांशी नाही, माझ्याशी तर गरजेपुरतंही नाही. मान हलवून चहा हो की नको एवढं सांगायचे. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, उठून बसवा, नाही तर आतून विझत जातील. आम्ही रेडिओ लावून पाहिला, भजनवाले बोलावून पाहिले. काही नाही. मग संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून आक्काजी यायच्या, पलंगाच्या पायथ्याशी टेकायच्या, त्यांच्या पायाला तेल लावता लावता हलकेच म्हणायच्या, "कमरेपर्यंत बाहेर होता गा तू." मग उशीवरचं डोकं वळायचं. "गज होते." "नव्हते." "होते म्हणतो ना." आणि ते वाक्य नीट म्हणता यावं म्हणून हे कोपरावर उठायचे. दिवसभरात ते तेवढेच उठायचे.

अशात पेपरात बातमी आली. रेल्वेच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलेली एक गाडी गावोगाव फिरते आहे, ती वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावर, दोन दिवस थांबणार. आणि तिच्यात आपल्या भागातल्या छोट्या लाईनच्या डब्याचा एक भाग, बाक आणि खिडकीसकट, मांडलेला आहे. मला खोड्या काढायची हौस उतारवयातही सुटलेली नाही. मी बातमी मुद्दाम मोठ्याने वाचली, 'खिडकीसकट' हा शब्द जरा जास्तच मोठ्याने. ह्यांचे डोळे उघडले. "आक्काले घेऊन जा," ते म्हणाले. "गज पाहून ये म्हणा." इतक्या दिवसांतलं त्यांचं ते सर्वांत लांब बोलणं. आक्काजी दारातच होत्या. "जातो ना," त्या म्हणाल्या. "तुह्यासमोर येऊन सांगतो. मंग तोंड लपवाले जागा नाई भेटाची तुले."

प्रदर्शन दहाला उघडणार होतं. आम्ही सातला वरठीत होतो, हे वेगळं सांगायला नको. लाखनीहून भंडाऱ्यापर्यंत पहिली एसटी, तिथून ऑटो. ऑटोत बसल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो मला मुळीच आवडला नाही. आज निकाल लागणार. गज असले तर आक्काजींच्या हातात आयुष्यभराचं जे एक होतं ते गेलं. नसले तर हे हरले. दोन्हीकडून भांडण संपलं. मग उद्या संध्याकाळी ही बाई त्या पलंगाशी येऊन कशावर बोलणार, आणि हे कशासाठी कोपरावर उठणार? माझ्या एका आगाऊ शब्दाने मी घरातला उरलासुरला आवाज वरठीला घेऊन चालले होते. मी म्हणून पाहिलं, "आक्काजी, पुढे ऊन वाढेल, परत जायचं का?" त्या म्हणाल्या, "काहून? भेव वाटून राहिलं काय नवऱ्याचं? हारू दे त्याले, काही मरत नाई."

फलाटावर रात्रपाळी संपवून सायकली घेऊन आलेले कारखान्याचे कामगार होते, शाळेची पोरं रांगेत होती. रंगवलेली गाडी उभी होती. दारं उघडली, गर्दी पुढे सरकली, आणि मी काही बोलायच्या आत आक्काजींनी नेम धरून खिडकीतून दुपट्टा आत फेकला. आत जुन्या काळच्या पहिल्या वर्गात एक मेणाचा साहेब हॅट घालून बसवला होता. दुपट्टा नेमका हॅटवर. निळ्या कोटातली एक मुलगी धावत आली. "अम्मा, ये गाडी कहीं नहीं जाती." आक्काजींनी रांगेकडे बोट दाखवलं. "मंग इतके लोकं काहून चढून राहिले?" त्या मुलीने हॅटवरचा दुपट्टा काढून आणून दिला.

आत मात्र त्या रमल्या. कंदील पाहून म्हणाल्या, असा आमच्या गोठ्यात होता. भिंतीवर रेल्वेच्या जुन्या साहेबांचे फोटो होते, त्यांच्यासमोर बराच वेळ थांबल्या. "यातला एकबी हासून नाई राहिला. गाडी चुकली काय सगळ्यायची?" पितळेच्या घंटेला नमस्कार केला. शाळेची पोरं गुरुजींना सोडून आक्काजींच्या मागे लागली, कारण पाटीवरच्या माहितीपेक्षा त्यांचं बोलणं ऐकायला बरं. आणि मग तिसऱ्या डब्याच्या कोपऱ्यात ती आली. दोरी बांधलेली, वरून दिव्याचा झोत सोडलेली, छोट्या लाईनच्या डब्याची एक बाजू. लाकडी फळ्यांचा बाक. त्याच्यावर खिडकी. खिडकीला आडवे गज.

आक्काजी म्हणाल्या, "पाटीवर काय लिवलं हाय?"

मी वाचायला तोंड उघडलं. मनात एक भलतंच वाक्य जुळवलंही होतं. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "खरं वाच हं, नागपूरवाली. तुले खोटं जमत नाई. कान लाल होतात तुहे."

मी खरं वाचलं. नागपूर-नागभीड मार्गावरचा तिसऱ्या वर्गाचा जुना डबा. आक्काजींनी दोरीवरून हात पुढे केला, गज धरला, दुसऱ्या गजापर्यंत वीत लावली. तिथून लेकराचं डोकंही गेलं नसतं. निळ्या कोटातली मुलगी हात लावू नका म्हणायला आली होती. ती तिथेच थबकली. मागून रांग ढकलत होती. आक्काजींनी गज सोडला आणि पुढच्या डब्यांत कशाकडेही न पाहता त्या चालत बाहेर आल्या.

वड्यांचा डबा उघडला नाही. भंडाऱ्याच्या स्टँडवर चहा घेतला नाही. एसटीत पहिल्यांदाच मी पाहिलं की जागा दुसऱ्या कुणी शोधून दिली आणि त्या मुकाट बसल्या. वैनगंगेचा पूल लागला तेव्हा बाहेर पाहत म्हणाल्या, "मंग माह्या हातात काय आलं होतं व?"

मी वड्यांचा डबा मांडीवर सरळ केला.

"सदरा आला होता. गुंडी तुटली, ते टक्कन वाजलं. ते मले आठवते. मायनं मारलं होतं मले, गुंडी काहून तोडली म्हणून." पूल संपला तशी म्हणाल्या, "तो बाहीर जाऊनच नाई राहिला होता तं मी कायले वढलं त्याले?"

मी म्हटलं, "आक्काजी, सांगून टाका नव्हते म्हणून. ते काय वरठीला पाहायला येणार आहेत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सासरच्या दारात त्या दिवशी पाहिलं होतं. "भांडली त्याच्यासंग जनमभर," त्या म्हणाल्या. "खोटं नाई बोलली."

घरी ह्यांनी सकाळीच सुनेकडून दाढी करून घेतली होती. धुवट सदरा घातला होता, पाठीला दोन उशा होत्या. जिंकायला बसलेला माणूस कसा दिसतो ते मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आक्काजी पायथ्याशी टेकल्या. तेलाची बाटली घेतली नाही.

"होते," त्या म्हणाल्या.

हे बहिणीच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिथे त्यांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. मी तर स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी. मग ते म्हणाले, "कोणत्या डब्याले?"

"छोट्या लाईनच्या. पाटी होती. हिनं वाचली."

"छोट्या लाईनले काय एकच डबा होता? आपला जुना होता. त्याले नव्हते."

"बाबू, मी हात लावून आली ना गा. होते गज."

"तू आज हात लावून आली. मी तवा लटकून होतो. तुले जास्त मालूम का मले?"

आक्काजी पायथ्याशी सरळ झाल्या. "जनमभर तूच तं म्हणत होता, होते म्हणून."

"म्हणत होतो. तू लय मिरवत होती म्हणून म्हणत होतो." त्यांनी गळ्याशी हात नेला. "कॉलर रुतली होती इथं. दोन दिवस मान वळत नव्हती. वाऱ्यानं डोळे मिटले होते. नव्हते गज."

"होते."

"नव्हते म्हणतो ना." आणि उशा मागे राहिल्या, हे पुढे झुकून बसले होते. आक्काजींनी पदराने डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, "लोखंडाचे होते! आडवे. इतके जाड. खडू आण व नागपूरवाली, काढून दाखवतो याले." मी खडू शोधायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ मला तो सापडला नाही.

प्रदर्शनाची गाडी पुढे निघून गेली असेल आता. आमच्याकडे संध्याकाळचा कार्यक्रम चालू आहे, फक्त बाजू बदलल्या आहेत. आक्काजी गजांच्या बाजूने भांडतात, आणि मला वाटतं पूर्वीपेक्षा जास्त जिद्दीने. कारण दर वेळी हरतात आणि हरल्यावर जाताना पावलं हलकी पडतात. परवा त्यांना यायला उशीर झाला. धान भरडायला गिरणीत गेल्या होत्या. दिवेलागण झाली, हे दाराकडे पाहत होते. मी शेजारी बसून विचारलं, "अहो, खरं सांगा. गज होते का?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. इतका की मला वाटलं झोप लागली. "असतीन," ते म्हणाले. "ते तिले नको सांगू." मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, छताशी बोलावं तसं: "गज होते तरी धरलं तं होतं तिनं."

बाहेर फाटकाची कडी वाजली. हे कोपर टेकून उठू लागले, आणि मी आधार द्यायला पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला.